शिक्षिका घडवणारी शिक्षिका

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यातून सुरू होतो, असे मानण्याचा प्रघात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे ते श्रेय निर्विवाद आहे. तथापि शाळा काढावयाची तर शिक्षिका आणावयाची कोठून, हा प्रश्न त्याही काळी होताच. आणि त्याचे उत्तर शोधू गेल्यास वाट अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे वळते.

मिस सिंथिया फरार ही अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतातील शिक्षिका. मुलींच्या शाळांवर देखरेख करण्यासाठी अमेरिकन मिशनने तिला १८२७ साली मुंबईस धाडले. स्त्री परदेशी जाई ती मिशनऱ्याची पत्नी म्हणून. ही मात्र अविवाहित होती. प्रकृती ढासळल्याने १८३७ साली ती मायदेशी परतली, पण १८३९ साली पुन्हा आली ती नगरला. १८६२ साली तिने तेथेच देह ठेवला. नगरमधील तिच्या शाळा पाहूनच पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असे जोतीरावांनी स्वतः नमूद केले आहे. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे प्रशिक्षणही फरारबाईंकडे झाले, असे चरित्रकार सांगतात.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हा आक्षेप खरा आहे. पण जोतीरावांनी तेथून पद्धत घेतली, धर्म घेतला नाही. विद्या देणाऱ्याचा हेतू घेणाऱ्यास बांधून ठेवू शकत नाही, हाच त्याचा अर्थ.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील बोध निराळा आहे. शाळेचे खरे भांडवल इमारत नव्हे, तर तयार झालेला शिक्षक. आणि ते भांडवल साठण्यास वर्षे लागतात. फरारबाई एकाच गावी दोन तपांच्या आसपास टिकली, कारण त्यागाइतकाच निर्वाहाचा भरवसाही तिच्या पाठीशी होता. तिच्या योगक्षेमाची चिंता मिशन वाहत होते. पुढे कॉन्व्हेंट शाळांतून शिकवणाऱ्या कॅथलिक भगिनींच्या बाबतीतही हेच घडले. वेतन स्वतःसाठी नाही, पण त्यांचे आजारपण आणि वार्धक्य संघ सांभाळतो.

आपल्या राज्याने या व्यवस्थेतील काटकसर तेवढी उचलली, भरवसा उचलला नाही. २००० साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत नवा शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर काढतो. प्राथमिक शिक्षकाचे हे मानधन दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये होते. २०२३ साली ते १६,००० झाले. ‘सेवक’ हा शब्द गोड आहे, परंतु सेवाव्रत हे स्वेच्छेने घ्यावयाचे असते. ते शासकीय आदेशाने लादता येत नाही.

सावित्रीबाईंच्या जयंतीस हार घालणाऱ्या समाजाने एवढे तरी ध्यानी ठेवावे, की सावित्रीबाईंनाही प्रथम कोणीतरी शिकवावे लागले होते. त्या शिकवणाऱ्या व्यक्तीला उद्याची भाकर मिळेल की नाही, ही विवंचना नव्हती.