ज्वारीच्या मुलखातले बदक

अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावी पशुखाद्याच्या दुकानात कुणी बदकाचे खाद्य मागितले, तर बहुधा हाती पडते ते कोंबडीचे. पिल्लू असेल तर ब्रॉयलर स्टार्टर, मोठे असेल तर लेअर मॅश. दुकानदाराला त्याबद्दल बोल लावता येणार नाही. हौसेने बदके पाळणारी घरे मोजकी. त्यांच्यासाठी वेगळा माल भरला तर तो खपण्याआधीच खराब व्हायचा. पण ते पोते देताना दोन शब्द सांगणे दुकानदाराच्या हातात आहे, आणि लंगडणारे पिल्लू घेऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न खाद्याचा विचारणे पशुवैद्यकाच्या हातात आहे. हे दोन्ही फार कमी ठिकाणी घडते. म्हणून या अंकाचे संपादकीय या लहान दिसणाऱ्या विषयावर.

२०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ कोटी ३५ लाख बदके मोजली गेली. त्यांतली बहुतेक पश्चिम बंगाल, आसाम, केरळ अशा पाणथळ प्रदेशांतली. केरळच्या कुट्टनाडमध्ये भाताची कापणी झाली की बदकांचे कळप खाचरांत सोडतात. सांडलेले भात, गोगलगायी, किडे, शेवाळ, लहान मासे असे सगळे त्यांना तिथे मिळते. अशा बदकाच्या जीवनसत्त्वांचा हिशेब कुणाला मांडावा लागत नाही. आपल्याकडे बोरी नदीवरचे कुरनूर धरण आणि विहिरी सोडल्या तर वर्षाचा मोठा काळ कोरडा. अंगणातल्या प्लॅस्टिकच्या टबात डुंबणाऱ्या बदकाला गोगलगाय दिसतच नाही. मालक पुढ्यात टाकेल तेवढेच त्याचे जग. म्हणून पाणथळ मुलखात खपून जाणारी चूक इथे पिल्लाच्या पायांवर उमटते.

पायांचे हे दुखणे बहुतेक वेळा नायसिनच्या, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे असते. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडे नायसिन स्वतः तयार करते. कोंबडीला हे बऱ्यापैकी जमते. बदकाच्या यकृतात ट्रिप्टोफॅनला दुसऱ्याच वाटेने नेणारे विकर फार क्रियाशील असते, त्यामुळे त्याच्या वाट्याला नायसिन कमी येते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४च्या तक्त्यात ब्रॉयलर पिल्लासाठी किलो खाद्यात ३५ मिलिग्रॅम नायसिन सांगितले आहे, तर बदकासाठी ५५. कमी पडले की पिल्लू आधी बसून राहते, मग घोटा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, आणि शेवटी ते पंखांच्या आधाराने सरपटू लागते. घरचे लोक म्हणतात, कुणाचा तरी पाय पडला असेल. पहिल्या काही दिवसांत नायसिन मिळाले तर पिल्लू उभे राहते. हाड एकदा वाकून घट्ट झाले की मग औषधाचा उपयोग नाही.

आपल्या भागात याला ज्वारीची जोड आहे. घरात ज्वारी आहे, भाकरी उरते, तीच कुस्करून पिल्लांपुढे जाते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ या मातीतली, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या धान्याचा आम्हालाही अभिमान आहे. तरीही बदकाच्या पिल्लाला निव्वळ ज्वारीवर वाढवणे चुकीचे, हे स्पष्ट सांगायला हवे. ज्वारीत प्रथिने सुमारे १० टक्के. पिल्लाला पहिले दोन आठवडे २० ते २२ टक्के लागतात. नायसिनचे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे आहे. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा आजार, आढळत असे. हैदराबादच्या ज्या प्रयोगशाळेला आज आपण राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतो, तिथे डॉ. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली अशी मांडणी केली की, ज्वारीत ल्युसीन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने शरीराचा नायसिनचा व्यवहार बिघडतो. पुढे या मांडणीवर वादही झाले. पण ज्वारीवर अवलंबून असलेल्या माणसांत नायसिनचा अभाव दिसला होता, ही नोंद पक्की आहे. मग ज्या पक्ष्याला नायसिन बनवणेच जड जाते, त्याच्याबाबत किती काळजी घ्यावी? मोठ्या बदकाला मूठभर ज्वारी खुशाल द्यावी. पिल्लाला ती मुख्य अन्न म्हणून देऊ नये.

उपाय महाग नाही. साध्या, औषध न मिसळलेल्या ब्रॉयलर स्टार्टरमध्ये किलोमागे ५० ग्रॅम ब्रुअर्स यीस्टची पूड मिसळली की नायसिन साधारण २० मिलिग्रॅमने वाढते आणि हिशेब ५५च्या आसपास येतो. यीस्ट निष्क्रिय केलेले हवे, पाव फुगवायचे जिवंत यीस्ट नको. तेही नसेल तर कोंबड्यांसाठी मिळणारे बी-कॉम्प्लेक्सचे द्रव पाण्यातून द्यावे. मात्र बाटलीवर नायसिन किंवा नायसिनमाइड किती आहे ते वाचूनच मात्रा ठरवावी, कारण काही बाटल्यांत ब-१ आणि ब-१२चाच भरणा असतो.

इथेच एक मोह उभा राहतो. शेंगदाणा पेंडीत प्रथिनेही भरपूर आणि नायसिनही मक्या-सोयाबीनच्या कित्येक पट. सोलापूरच्या बाजूला शेंगदाणा घरोघरचा, पेंड तेलघाणीवर सहज मिळते. कागदावर पाहिले तर बदकासाठी यासारखे खाद्य नाही. तरी आमचे मत असे की, बदकाच्या पिल्लाला शेंगदाणा पेंड अजिबात देऊ नये.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की काही महिन्यांत मेल्या. बदकांची पिल्लेही मेली. शोध घेत गेल्यावर ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड सापडली आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष जगाला कळले. त्यानंतर पेंडीत विष आहे की नाही हे तपासायला प्रयोगशाळा एक दिवसाचे बदकाचे पिल्लू वापरू लागल्या, कारण इतक्या कमी विषाने यकृत बिघडणारा पाळीव पक्षी दुसरा हाताशी नव्हता. जी मात्रा कोंबडीचे पिल्लू निभावून नेते, तिने बदकाचे पिल्लू दगावते.

पेंड भिजली, बुरसली तरच धोका, असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. शेवटच्या टप्प्यात पावसाने ओढ दिली आणि शेंगा भरताना जमीन तापली, तर ही बुरशी शेतातच शेंगेत शिरते. आपल्या अवर्षणप्रवण तालुक्याला हे नेमके लागू पडते. वरून स्वच्छ, खमंग वासाची पेंडही विषारी असू शकते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३७४ या कोंबडी खाद्याच्या मानकात अफ्लाटॉक्सिन बी-१ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय संघाने लहान पक्ष्यांच्या खाद्यासाठी ती ५वर ठेवली आहे. घाणीवरून सुटी आणलेली पेंड कुणीच तपासलेली नसते. टॉक्सिन बाइंडर टाकला की काम झाले, असेही मानू नये. बाइंडर विष कमी शोषू देतो, नाहीसे करत नाही. पिल्लासाठी सोयाबीन पेंड घ्यावी. सरकी पेंड म्हशीची. तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे बदकाच्या अंड्याचा बलक हिरवट पडतो, म्हणून तीही नको.

लेअर मॅशबद्दल थोडक्यात. अंड्यावरच्या कोंबडीसाठी त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. पिल्लाला एक टक्क्याच्याही आतच लागते. जादा कॅल्शियमने मूत्रपिंडे निकामी होतात. मादी अंड्यावर येईपर्यंत लेअर मॅश नको. नंतरही नराला तेच खावे लागू नये म्हणून साधे खाद्य ठेवून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात द्यावा, मादी लागेल तेवढा खाते. दोन आठवड्यांनंतर प्रथिने १६ टक्क्यांवर आणावीत आणि पाला, कोथिंबिरीच्या काड्या, चिरलेली मेथी सुरू करावी. पौष्टिक म्हणून स्टार्टरच चालू ठेवले तर काही पिल्लांच्या पंखाचे टोक बाहेर वळते आणि तसेच राहते.

औषध मिसळलेल्या खाद्याचे लेबल मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावे. खाद्यातली कोक्सिडियाविरोधी औषधे कोंबडीच्या खाण्याच्या मापाने घातलेली असतात आणि बदक तिच्यापेक्षा जास्त खाते. त्यांपैकी सॅलिनोमायसिन टर्कीला विषारी ठरते, हे माहीत असताना बदकावर ते आजमावण्याचे कारण नाही.

कोरडी मॅश बदकाच्या चोचीला चिकटते आणि घशात अडकते. ती ओलसर करून द्यावी, आणि शेजारी नाकपुड्या बुडतील इतके खोल पाणी हवेच. पण एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत भिजवलेले खाद्य दुपारपर्यंत आंबते. म्हणून थोडे थोडे दोनदा भिजवावे, उरलेले फेकावे, भांडे धुवावे. पावसाळ्यात पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे.

दुकानदार बंधूंना विनंती अशी की, बदकासाठी खाद्य मागणाऱ्याला वय विचारा आणि पन्नास-शंभर ग्रॅमच्या यीस्टच्या पुड्या बांधून ठेवा. आपल्या सीमेवरच्या तालुक्यात अर्ध्या घरांत कानडी बोलतात आणि पोत्यावर बारीक इंग्रजी छापलेले असते. तेव्हा सूचना गिऱ्हाइकाला कळेल त्या भाषेत तोंडी सांगा. पशुवैद्यक मित्रांनी लंगडणाऱ्या बदकाला कॅल्शियमचे इंजेक्शन देण्याआधी ते काय खाते हे विचारावे आणि नायसिन त्याच दिवशी सुरू करावे. यकृत सुजलेले पिल्लू मेले तर शवविच्छेदन करून उरलेल्या खाद्याचा नमुना तपासणीला पाठवावा आणि निष्कर्ष आम्हाला कळवावा. तालुक्याच्या नावासह तो पुढच्या अंकात छापू.