कळसूत्री रामायण आणि आजाऱ्याचे काम

रामायणाची कथा आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? तरीही कीर्तनात, दशावतारात किंवा दूरदर्शनच्या पडद्यावर ती पुन्हा सुरू झाली की घरातली वडील माणसे सावरून बसतात. ज्याला शेवट ठाऊक आहे, तो पुढे काय घडले हे जाणण्यासाठी बसलेला नसतो. या वेळी ते कसे सांगितले जाते, हे त्याला पाहायचे असते.

नृत्याच्या जगातही हेच कुतूहल काम करते. निद्रिस्त राजकन्येची परीकथा १८९० मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे चायकोव्हस्कीच्या संगीतावर ‘स्लीपिंग ब्यूटी’ या नावाने रंगभूमीवर आली. शंभराहून अधिक वर्षांनी, १९९६ मध्ये, मॅट्स एक या स्वीडिश नृत्यरचनाकाराने तीच कथा नव्याने मांडली. राजकन्येच्या बोटात रुतणारी चातीची सुई त्याने अमली पदार्थाची सुई केली आणि राजवाड्यातली गोष्ट व्यसनात बुडालेल्या मुलीच्या घरातली झाली. जुन्या कथेला आजाराचा स्पर्श झाला की ती किती जवळची वाटू लागते, याचे हे उदाहरण होय.

असाच एक प्रयोग त्याच्या चार दशके आधी आपल्या मुंबईत झाला होता. तेथे मात्र आजार कथेत नव्हता; तो कथा रचणाऱ्याच्या देहात होता. या नृत्यरचनाकाराचे नाव शांती बर्धन. जन्म १९१६ मधला, पूर्व बंगालमधील कोमिल्ला येथला. उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील केंद्रातून ते मुंबईत आले आणि इप्टाच्या मध्यवर्ती पथकासाठी नृत्यनाट्ये बसवू लागले. विरारहून लोकलने जाताना लागणाऱ्या अंधेरीतच तेव्हा हे पथक एकत्र राहत असे आणि तालमी करीत असे. पुढे बर्धन यांना क्षयाने गाठले. ज्याची सारी विद्या श्वासावर आणि अंगावर उभी, त्याच्या फुप्फुसांनाच रोग लागला. या अवस्थेतही १९५२ मध्ये त्यांनी ‘लिटल बॅले ट्रूप’ ही संस्था स्थापन केली आणि ‘रामायण’ बसवावयास घेतले.

त्यांनी रामायण मांडले ते कळसूत्री बाहुल्यांच्या रूपात. रंगमंचावर हाडामांसाची माणसे, परंतु त्यांची चाल बाहुल्यांची. चेहऱ्यावर मुखवटे, कोनात वाकणारे कोपर, दोरी ओढल्यासारखी उचलली जाणारी मान. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचे बाहुल्यांचे खेळ ज्यांनी पाहिले आहेत, किंवा आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी रात्र जागून पाहिला आहे, त्यांना हे रूप सहज कळेल. मुखवटा चढला की चेहऱ्याचे काम संपते आणि मग खांद्याच्या एका झुकण्यातून शोक सांगावा लागतो. बाहुलीला उंच उडी नको, गिरकी नको. मोजक्या हालचालींत तिला राम व्हायचे असते आणि रावणही व्हायचे असते.

१९५४ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, बर्धन गेले. पंचतंत्रातील पशुपक्ष्यांच्या मैत्रीवरचे त्यांचे पुढचे नृत्यनाट्य नंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगभूमीवर आणले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन या स्वतः नर्तिका. पती गेले तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या. संस्था मुंबईतून ग्वाल्हेरला आणि तेथून भोपाळला गेली, तरी ते ‘रामायण’ त्यांनी जिवंत ठेवले. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी भोपाळ येथे त्यांचे निधन झाले. छप्पन्न वर्षे एका आजारी माणसाचे काम त्यांनी पुढे नेले.

या कथेत शुश्रूषा करणाऱ्यांनी घेण्यासारखे एक तत्त्व आहे. घरातला माणूस दीर्घकाळ आजारी पडला की आपण त्याच्या हातातले काम प्रेमापोटीच काढून घेतो. ‘तुम्ही आता फक्त आराम करा’ असे म्हणतो. हिशेबाची वही जाते, देवपूजेची तयारी जाते, नातवाला पाढे शिकवणे जाते. औषधाच्या वेळा चोख पाळल्या जातात. परंतु ‘माझ्यावाचून काही अडत नाही’ हा विचार त्या माणसाला आतून पोखरत राहतो. विश्रांती अवश्य द्यावी, पण काम काढून घेण्याऐवजी ते त्याच्या शक्तीएवढे लहान करावे. ज्यांना उभे राहून स्वयंपाक जमत नाही, त्या आजी बसून भाजी निवडू शकतात आणि फोडणी केव्हा घालायची हे सांगू शकतात. ही बाहुलीचीच युक्ती आहे: हालचाल थोडी, अर्थ पूर्ण.

त्याबरोबर एक सावधगिरीही हवी. बर्धन यांच्या काळी क्षयावरची औषधे नुकती येत होती. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधला, आयसोनियाझिडचा वापर १९५२ पासूनचा. आजच्या उपचाराचा कणा असलेले रिफॅम्पिसिन तर ते गेल्यानंतर आले. आज साधा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी बरा होतो आणि ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, घटणारे वजन ही लक्षणे सर्वांस ठाऊक असावीत. वृद्धांमध्ये मात्र ती ठळक नसतात. केवळ थकवा आणि अन्नावरची वासना उडणे एवढेच दिसते आणि आपण ते वयावर ढकलतो. मधुमेह असल्यास क्षयाचा धोका वाढतो. म्हणून शंका येताच तपासणी करावी आणि बरे वाटू लागले तरी औषधे मध्येच सोडू नयेत.

शेवटी, बाहुलीच्या चालीवरून घरी करता येण्याजोगा एक साधा व्यायाम. चाके नसलेल्या भक्कम खुर्चीवर ताठ बसावे, पावले जमिनीवर टेकवावीत. उजव्या मनगटाला दोरी बांधली आहे अशी कल्पना करून ते हळूहळू वर जाऊ द्यावे. नंतर दोरी सैल झाल्यासारखा हात सावकाश खाली आणावा. मग कोपर, मग खांदा, मग गुडघा. प्रत्येक सांध्याला चार-पाच वेळा. श्वास रोखू नये. चक्कर आली, छातीत दुखले वा धाप लागली तर तत्काळ थांबावे. सांधेबदल झालेल्यांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी व क्षयावर उपचार घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. नातवंड समोर बसून दोरी ओढण्याचा अभिनय करणारे असेल तर उत्तमच. दोघांनी मिळून रामाने धनुष्य उचलल्याचा प्रसंग करून पाहावा. धनुष्य नसले तरी चालेल. आजोबांची काठी घरात असतेच.