पैठणी एकीला, बाकीच्यांचं काय?

2004 मध्ये, तेव्हा अल्फा मराठी असलेल्या झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि पैठणीचे खेळ गल्लोगल्ली पोचले. मीही सोलापुरात दुकानाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तसाच एक ठेवला. गर्दी तुफान! पण पैठणी एकीला मिळाली, बाकीच्या वाण घेऊन निघून गेल्या. गल्ला रिकामाच. माझ्या मते चूक बक्षिसाची नाही, खेळाची होती. संगीत खुर्चीचा माझ्या चादरींशी संबंध काय? पुढच्या वर्षी डोळ्यांवर पट्टी बांधली अन् विचारलं, हात लावून सांगा, यातली सुती सोलापुरी चादर कुठली? प्रत्येकीचा हात मालाला लागला. सासू-सुनांत वादही रंगले! ओळखणारीला एक नॅपकिन. खर्च पैठणीहून कमी, आणि बायकांनी भावाआधी वीण विचारली.