एकाच हातांची दोन गाणी

पुणे-सोलापूर रस्त्यावरील वरवंड गावास दोन नाद चांगले परिचित आहेत. आषाढीच्या वाटेवर जगद्गुरू तुकोबारायांची पालखी येथे मुक्कामास येते, तेव्हा टाळ-मृदंगाचा नाद उठतो. भाद्रपदात गणरायाच्या मिरवणुकीचा नाद उठतो. पहिल्याविषयी कोणाचीच तक्रार नसते. दुसऱ्याविषयी मात्र घराघरांत वडील व तरुण यांच्यात मतभेद होतात, आणि त्यात ‘झिंगाट’ या गीताचे नाव हटकून निघते. आजच्या मंगलदिनी या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

‘सैराट’ हा नागराज मंजुळे यांचा चित्रपट 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. संगीत अजय-अतुल या गोगावले बंधूंचे. या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांनी लॉस एंजेलिस येथे पाश्चात्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. तथापि ज्या गीताने लग्नमंडप हलविले, त्याचे बळ भव्य वाद्यवृंदात नसून साध्या, द्रुत व पायांना आवरू न देणाऱ्या ठेक्यात आहे. शब्द गावाकडच्या बोलीतले, स्वर स्वतः संगीतकारांचे. प्रदर्शनाची वेळही अनुकूल ठरली. ऐन लग्नसराईत आलेले गीत वरातींतून गावोगाव पोहोचले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गणेशोत्सव आला, तेव्हा ते सर्वतोमुखी झालेले होते. 2018 मध्ये ‘धडक’ या हिंदी चित्रपटातही त्याच संगीतकारांनी ते पुन्हा योजिले.

हे यश परक्या मातीतले नव्हे. या बंधूंचे वडील महसूल खात्यात नोकरीस होते. त्यामुळे त्यांचे बालपण शिरूर, राजगुरुनगर, जुन्नर, घोडेगाव अशा आपल्याच जिल्ह्यातील गावांत गेले. घरात संगीताची परंपरा नव्हती. 2001 मध्ये ‘विश्वविनायक’ हा गणेशस्तुतीचा संग्रह त्यांनी सिद्ध केला. एस. पी. बालसुब्रह्मण्यम व शंकर महादेवन यांच्या स्वरांतील ही स्तोत्रे आजही अनेक देवघरांत प्रातःकाळी ऐकू येतात. पुढे ‘जोगवा’ चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

वाचकहो, येथेच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ज्या हातांनी स्तोत्र घडविले, त्याच हातांनी नाचाचे गीतही घडविले. मग दोष कलेचा कसा म्हणावा? वरातीत आनंदाने नाचणे हे पाप नव्हे. दोष आहे तो स्थळकाळाचा विवेक सुटण्याचा. देवघरात वरात शोभत नाही, आणि मूर्तीपुढे गायिलेल्या गीतात मूर्तीचेच स्मरण नसेल, तर ती मिरवणूक कोणाची, हा प्रश्न उरतोच.

दुसरा दोष आवाजाचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास बंदी असून, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे ध्यानी घेतले म्हणजे पाळण्यातील बालक व अंथरुणास खिळलेले वृद्ध यांवर काय ओढवते, ते कळेल. ही मर्यादा चित्रपटगीतास लागू आहे, तशीच ध्वनिवर्धकावरील आरतीसही. भक्तीचे नाव घेतल्याने कान सुटत नाहीत.

लोकमान्यांनी 1893 च्या सुमारास ज्या सार्वजनिक उत्सवास बळ दिले, त्यास 2025 मध्ये शासनाने राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. दर्जा शासन देईल, प्रतिष्ठा मात्र आपणच राखावयाची आहे. तरुणांना केवळ रागावून हे साधणार नाही. त्यांना ठेका हवा आहे. तो ढोल-ताशा व लेझीम यांत आहे, आणि टाळ-मृदंगात तर शतकानुशतके आहे. वडीलधाऱ्यांनी घरात बसून नाके मुरडण्यापेक्षा हाती टाळ घेऊन मिरवणुकीत उतरावे. तुकोबांच्या वाटेवरील गावांस हे शिकवावे लागू नये. बुद्धिदाता गजानन हा विवेक सर्वांस देवो, हीच आमची प्रार्थना.