कोरोना मदतीत कृष्णवर्णीय शेतकरी मागे का राहिला?

कोरोनाच्या पहिल्या लाटेत अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांसाठी तिजोरी उघडली. एप्रिल २०२० मध्ये १९ अब्ज डॉलरची योजना जाहीर झाली, त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना द्यायचे होते. सप्टेंबरमध्ये १४ अब्जांपर्यंतची दुसरी फेरी आली. नियमांत वर्णाचा उल्लेख नव्हता. तरीही मार्च २०२१ मध्ये कृषीमंत्री टॉम विल्सॅक यांनीच आकडा सांगितला: सुमारे २६ अब्ज डॉलरपैकी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वाट्याला आले २ कोटी ८ लाख. म्हणजे शंभर डॉलरमागे आठ सेंट.

योजनेचा हिशेब उत्पादनावर होता. किती गुरे, किती मका, किती दूध, त्याप्रमाणे रक्कम. एका व्यक्तीला कमाल अडीच लाख डॉलर, कंपनी म्हणून शेती करणाऱ्यांना साडेसात लाखांपर्यंत. ज्याचा गोठा मोठा त्याचा धनादेश मोठा. कृष्णवर्णीयांची शेती लहान, आणि ती लहान का राहिली हा खरा प्रश्न आहे. १९२० मध्ये तिथली सव्वानऊ लाख शेते कृष्णवर्णीय कसत होते. २०१७ च्या कृषी गणनेत असे शेतकरी उरले ४९ हजारांच्या आत.

सरकारी कर्ज आणि मदत देणारी कचेरी काउंटीच्या पातळीवर, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्या-तालुक्याच्या पातळीवर असते. तिथली समिती स्थानिक शेतकरीच निवडतात. कागदावर ही लोकशाही. पण दक्षिणेकडील राज्यांत अनेक दशके या समित्या गोऱ्या जमीनदारांच्या हाती राहिल्या. कृष्णवर्णीयाचे पेरणीचे कर्ज नाकारायचे, नाहीतर हंगाम उलटल्यावर द्यायचे, असा कारभार चाले. पिगफर्ड खटल्यात १९९९ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली आणि २०१० मध्ये आणखी सव्वा अब्ज डॉलर मान्य करावे लागले. गावकी म्हणजे काय हे भोगलेल्या आमच्या वाचकांना यात समजावण्यासारखे काही नाही.

विल्सॅक बोलले त्याच महिन्यात, वंचित गटांतील शेतकऱ्यांना सुमारे चार अब्ज डॉलरची कर्जमाफी देणारा कायदा झाला. गोऱ्या शेतकऱ्यांनी कोर्टात धाव घेतली. युक्तिवाद ओळखीचाच: समानतेचा भंग होतो! जूनमध्ये स्थगिती मिळाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेने ती तरतूदच रद्द केली. त्याऐवजी कोणत्याही वर्णाच्या, भेदभाव सोसलेल्या शेतकऱ्यांसाठी वेगळा निधी ठेवला. जुलै २०२४ मध्ये त्यातून ४३ हजारांहून अधिक लोकांना सुमारे दोन अब्ज डॉलर जाहीर झाले. पैसे मिळाले हे चांगलेच. पण हातची गेलेली जमीन त्यातून परत येत नाही.

आता आपल्याकडे पाहू. एप्रिल २०२० मध्येच पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता लवकर देण्यात आला. पात्रता एकच, नावावर जमीन हवी. शेतमजूर बाहेर, बटईने करणारा बाहेर. राज्याने २०२३ मध्ये वर्षाला आणखी सहा हजारांची भर घातली, तीही त्याच लाभार्थ्यांना. भूमिहीनांसाठी ६ डिसेंबर १९६४ रोजी सत्याग्रह सुरू करणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने योजना आहे: अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती. पण ती जमीन सरकारने आधी विकत घ्यायची आणि त्यासाठी कुणीतरी विकायला तयार हवा.

तोवर आपत्तीची मदत सातबाऱ्याच्या पलीकडे न्यायची असेल, तर रोहयोच्या जॉबकार्डांवर मजुरांची नावे आहेत, बँक खाती जोडलेली आहेत. यादी शोधायला सरकारला लांब जावे लागणार नाही.