अधिवेशनाला जावे ते कशासाठी?

ग्रंथपालांच्या अधिवेशनांना आम्ही गेली कित्येक वर्षे जात आलो आहोत. आमच्यापैकी काही जण महाविद्यालयात साहित्य शिकवतात, काही ग्रंथालयात काम करतात. त्यामुळे कधी प्रतिनिधी, कधी वक्ते, तर कधी नुसतेच पाहुणे म्हणून हे मांडव आम्ही पाहिले आहेत. सकाळी ग्रंथदिंडी, मग दीपप्रज्वलन, स्वागताध्यक्षांचे लांबलेले भाषण, प्रतिनिधी शुल्काबरोबर मिळालेली कापडी पिशवी, तिच्यात स्मरणिका आणि कोरी वही. दुपारी जेवणाची पंगत. दुसऱ्या दिवशी ठराव आणि शेवटी प्रमाणपत्रांसाठी रांग. याविरुद्ध आमची तक्रार आहे. मात्र अधिवेशने बंद करा असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. उलट, अधिवेशन ही ग्रंथव्यवहारातली फार उपयोगाची गोष्ट आहे आणि आपण सर्वांनी मिळून, त्यातही साहित्याच्या अध्यापकांनी अधिकच, ती वाया घालवली आहे, असे आमचे म्हणणे आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी भरलेल्या अधिवेशनात आमच्यापैकी एकाला वाचनसंस्कृतीपुढील आव्हानांवर बोलायला बोलावले होते. भाषण झाले, टाळ्या झाल्या. पंगतीत शेजारी एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई बसल्या होत्या. बोलता बोलता जुन्या नियतकालिकांचा विषय निघाला. आमची एक विद्यार्थिनी त्या सुमारास स्वातंत्र्योत्तर मराठी कथेवर काम करीत होती आणि ‘सत्यकथे’चे काही वर्षांचे अंक मिळावेत म्हणून मुंबई-पुण्याच्या खेपा घालीत होती. बाई म्हणाल्या, “आमच्याकडे होते की. बांधलेले खंड होते, जवळजवळ सगळे.” मग त्यांनी पुढचे सांगितले. खोलीला ओल आली, खालच्या कप्प्याला वाळवी लागली, अभ्यासिकेसाठी जागा हवी होती. कार्यकारिणीने ठराव केला, निर्लेखन झाले आणि रद्दीवाला येऊन गेला. हे सारे चार महिन्यांपूर्वी घडले होते. “कुणाला तरी विचारायचं होतंत,” असे आमच्या तोंडून निघून गेले. बाई रागावल्या नाहीत. “कुणाला विचारायचं होतं, सर? आणि आम्हांला विचारायला तरी कधी कोण आलं?”

त्या बाई त्याआधी तीन अधिवेशनांना येऊन गेल्या होत्या. तिन्ही वेळा व्यासपीठावर साहित्यिक होते, समोर प्राध्यापक होते. मराठी कथेच्या अभ्यासकाला जे हवे होते ते मांडवाच्या एका कोपऱ्यात तीन वर्षे बसून होते. व्यासपीठावर मात्र वाचन कमी झाल्याची खंत चालू होती. दोष एकट्या त्या वाचनालयाचा नाही. त्या खंडांची गरज कोणाला आहे हे त्याला कळण्याची जी एकमेव जागा होती, ती आम्ही भाषणात घालवली.

अधिवेशने मुळात अशी नव्हती. अमेरिकेतील ग्रंथपालांनी 1876 साली फिलाडेल्फियात परिषद भरवली तेव्हा 103 जण जमले होते. त्यातून अमेरिकन लायब्ररी असोसिएशन उभी राहिली. मेल्विल ड्यूई त्या जमवाजमवीत पुढे होता आणि त्याची दशांश वर्गीकरण पद्धती त्याच वर्षी छापून झाली होती. आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासला गणिताचे अध्यापक होते. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. तेथे वर्गात बसून ते थांबले नाहीत; तिथली ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. 1930 साली बनारसला अखिल आशियाई शैक्षणिक परिषद भरली, तेव्हा त्यांनी तिच्यासमोर सार्वजनिक ग्रंथालय कायद्याचा नमुना मसुदा ठेवला. 1933 साली कलकत्त्याच्या परिषदेत भारतीय ग्रंथालय संघ स्थापन झाला. मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला तो 1948 साली. मसुदा आणि कायदा यांच्यामध्ये अठरा वर्षे गेली. बनारसच्या परिषदेतून रंगनाथन यांनी काय मिळवले, असे त्या वर्षाअखेर कोणी विचारले असते तर दाखवायला हाती काही नव्हते. पण ते परिषदेला जाताना काही घेऊन गेले होते आणि परतल्यावर त्यांनी त्याचा पाठपुरावा सोडला नाही. परिषदेचा उपयोग करून घेणे म्हणजे एवढेच.

आता आपले ठराव पाहा. सूचक उभा राहतो, अनुमोदक उभा राहतो, ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो. पुढच्या वर्षी तोच ठराव, फक्त गाव वेगळे. मागण्या खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांतील सेवकांचे वेतन अनुदानातून भागवावे लागते आणि ते किती तुटपुंजे असते हे आम्ही जवळून पाहिले आहे. प्रश्न ठरावाच्या आशयाचा नाही, त्याच्यामागे काय असते याचा आहे. मद्रासच्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवण्याची सोय केली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला. त्यात असा उपकर नाही. म्हणून आपली वाचनालये दर वर्षी सरकारी तिजोरीकडे पाहत बसतात आणि म्हणूनच तोच ठराव पुन्हा पुन्हा करावा लागतो. ही गोष्ट किती प्रतिनिधींना ठाऊक असते? निदान या एका कलमावर दोन तास बसून वाद घालावा, पर्यायी कलमाचा मसुदा करावा, तो आपल्या आमदाराकडे कोण नेणार हे नावानिशी ठरवावे, असे आम्ही एकाही अधिवेशनात पाहिलेले नाही. गेल्या वर्षीच्या ठरावांचे काय झाले, हे उद्घाटनाच्या भाषणाआधी वाचून दाखवण्याची प्रथा पडली तरी पुष्कळ होईल.

महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या परिषदांचा रोग निराळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या विनियमांनी परिषदेत निबंध वाचण्याला गुण ठरवून दिले. तेव्हापासून निबंध वाचले जातात ते गुणांसाठी. एकेका सत्रात पंधरा-पंधरा निबंध, प्रत्येकाला पाच मिनिटे, आणि आपला निबंध वाचून झाला की वाचणारा प्रमाणपत्राच्या टेबलाकडे. निबंधही बहुधा असा की त्यात लिहिणाऱ्याचे स्वतःचे ग्रंथालय कोठेच नसते. ‘माहिती तंत्रज्ञानाच्या युगात ग्रंथपालाची भूमिका’ या नावाखाली काय लिहायचे ते आता न लिहिताही सर्वांना पाठ आहे. त्याच ग्रंथपालाला त्याच्या ग्रंथालयात गेल्या महिन्यात कोणता प्रश्न सुटला नाही असे विचारा. तो अर्धा तास बोलेल आणि त्यातले एकही वाक्य ऐकीव नसेल. परिषदेत ऐकायचे होते ते हे.

तेव्हा जाणाऱ्याने करावे काय? आमच्या अनुभवातून सुचते ते सांगतो. घरून निघताना आपल्या ग्रंथालयातला एक प्रश्न, एकच, कागदावर लिहून न्यावा. ‘डिजिटायझेशन’ हा प्रश्न नव्हे. आमच्या तालिकेतल्या बारा हजार मराठी नोंदी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये भरल्या आहेत. नव्या प्रणालीत त्या वाचता येत नाहीत. त्या कोणी कशा बदलून घेतल्या? हा प्रश्न झाला. तो घेऊन प्रदर्शनातल्या विक्रेत्याकडे जावे, पण त्याची पत्रके गोळा करू नयेत. आपल्या दहा नोंदी त्याच्यापुढे ठेवाव्यात आणि आत्ता करून दाखव म्हणावे. पुष्कळदा तो निरुत्तर होतो. तेही कळणे उपयोगाचे असते. मग तोच प्रश्न चहाच्या वेळी अनोळखी माणसाला विचारावा. ओळखीच्या चौघांबरोबर बसायचे असेल तर ते गावातही बसता येते. त्यासाठी रजा आणि एस.टी.चे तिकीट कशाला खर्चावे?

दुसरे, जेथे अधिवेशन असेल त्या गावचे वाचनालय पाहून यावे. रत्नागिरीचे वाचनालय 1828 चे, नाशिकचे 1840 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. अशा गावी जाऊन मांडवातून थेट गाडी पकडणाऱ्यांची आम्हांला कीव येते. मात्र दर्शनी दालन पाहून परतू नये. मागची खोली उघडायला सांगावी, दाखल नोंदवही मागावी, वाळवीचे काय करता ते विचारावे. एखादे कंटाळवाणे सत्र त्यासाठी बुडाले तर कसलेही पाप लागत नाही.

तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित काम परतल्यावरचे. पंधरा दिवसांच्या आत कार्यकारिणीला किंवा प्राचार्यांना एक पानाचे टिपण द्यावे: काय विचारले, काय कळले, आपल्याकडे काय बदलता येईल, त्याला खर्च किती. ज्या तिघांशी खरे बोलणे झाले त्यांना पत्र टाकावे. आज बहुतेक ठिकाणी परत आलेल्या माणसाकडून एकच गोष्ट मागितली जाते, ती म्हणजे हजेरीचे प्रमाणपत्र. संस्थेने कर्तव्यरजा दिली आणि बदल्यात कागदाखेरीज काही मागितले नाही, तर जाणाऱ्यानेही कागदच आणला याचे नवल ते काय?

यावर आम्हांला एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. ज्याचे पोट भरत नाही त्याला तुम्ही प्रश्न लिहून आणायला सांगता. दोन दिवस तो आपल्या लोकांत येतो, मानाने जेवतो, मन मोकळे करतो, ते तरी करू द्या. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. गावच्या वाचनालयात एकट्याने काम करणाऱ्या माणसाला आपल्यासारखे आणखी हजारभर आहेत हे दिसणे, ही लहान गोष्ट नव्हे. पण मन मोकळे करायला ऐकणारा लागतो. त्याला तर आपण दोन दिवस श्रोता करून खुर्चीवर बसवतो. त्याच्या कामाविषयी त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या कामाचे मोल त्यालाच समजावून सांगणारी भाषणे मात्र होतात. याला मान म्हणावे असे आम्हांला वाटत नाही.

आणि येथे आम्ही आमच्याच बिरादरीकडे वळतो. साहित्याच्या प्राध्यापकाला अशा अधिवेशनात बोलावले की तो ग्रंथमहात्म्य सांगतो, उद्घाटनाच्या सत्रानंतर गाडी मागवतो आणि ज्या लोकांवर त्याचे सारे संशोधन उभे आहे त्यांच्याशी चार शब्द न बोलता निघून जातो. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हाताशी नसती तर 1800 ते 1937 या काळात मराठीत काय छापले गेले याचा शोध आपण कोणत्या आधारावर घेतला असता? सूची करणे हे कारकुनी काम आहे असे मानणाऱ्यांनी एकदा आपल्याच गावच्या ग्रंथालयाची तालिका उघडून पाहावी. आरती प्रभूंची कविता एका नावाखाली आणि चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी दुसऱ्या. दोघे एकच, हे सांगणारी पाहा-नोंद कोठेच नाही. ग्रेस यांची नोंद कोठे ‘ग्रेस’, कोठे ‘गोडघाटे, माणिक’. विद्यार्थ्याला अर्धाच लेखक सापडतो आणि उरलेला नाहीच असे तो धरून चालतो. वाचकाचा वेळ वाचवावा, हे रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत सांगितले. टोपणनावांची बिनचूक यादी हा त्या नियमाचा सर्वांत साधा मराठी अवतार ठरेल. ती ग्रंथपाल एकटा करू शकणार नाही. ती आपल्याला करता येते आणि एका अधिवेशनाच्या दोन दुपारांत तिची सुरुवात होऊ शकते.

म्हणून संयोजकांना आमची विनंती आहे की साहित्यिकाला बोलावताना त्याच्याकडून भाषण मागू नये. दोन्ही दिवस थांबण्याची कबुली घ्यावी. आणि येणाऱ्या प्राध्यापकाने आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना कोणती नियतकालिके, कोणत्या वर्षांची हवी आहेत याची यादी बरोबर आणावी. ग्रंथपालांनी आपल्याकडील बांधलेल्या खंडांची यादी आणावी. या दोन याद्या एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तर निर्लेखनाच्या ठरावावर सही होण्याआधी कोणाला विचारायचे हे निदान कळेल. पुढच्या अधिवेशनाला आमच्यापैकी जे जातील ते अशी यादी घेऊन जाणार आहेत. त्या तालुक्यातले खंड आता मिळणार नाहीत. शेजारच्या तालुक्यात काय आहे, हे अजून आम्ही विचारलेले नाही.