पहिलं वेबसाइटचं काम घेताय? आधी विचारा, रोज अपडेट कोण करणार?

वेब डेव्हलपमेंट शिकून स्वतःचं काम सुरू करणारी बरीच मुलं मला हिंजवडीत भेटतात. पहिला क्लायंट मिळाला की बहुतेकांचं ठरलेलं असतं: लॉगिन, कार्ट, पेमेंट, सगळं असलेलं ऑनलाइन स्टोअर बनवायचं. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या कामाला हे नको.

ही चूक मी दुकानदार म्हणून पैसे मोजून केली आहे. पूर्ण स्टोअर बनवून घेतलं. बनवणाऱ्याचं काम चांगलं होतं. पण काउंटरवर विकलेला माल साइटवरून कमी कोण करणार, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. संपलेल्या मालाच्या ऑर्डरी आल्या, पैसे परत केले, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. शेवटी साइट बंद केली.

म्हणून काम घेण्याआधी प्रकार ओळखा.

1. माहितीची साइट. फेज 1 ते 3, माण, मारुंजी, सगळीकडे पीजी आहेत. त्यांना काय हवं? फोटो, भाडं, नकाशा आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. डेटाबेस लागत नाही. क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या ठिकाणी अशी साइट फुकट ठेवता येते, खर्च मुख्यतः डोमेनचा.

2. ऑनलाइन दुकान. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स फुकट मिळतं, पण स्टॉक, कुरिअर, रिटर्न हे रोजचं काम आहे. शिवाय पेमेंट गेटवे साधारण 2 टक्के घेतो, त्या फीवर 18 टक्के जीएसटी वेगळा. मार्जिन कमी असेल तर हिशोब आधी करा.

3. वेब अ‍ॅप्लिकेशन. आयआरसीटीसीने 2002 मध्ये ऑनलाइन तिकीट सुरू केलं. तिथे सीट क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे सिस्टिम लागतेच. 40 डबे देणाऱ्या मेसला मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि वही पुरते.

"पण सर, छोट्या साइटचे पैसे कमी मिळतात." खरंय. पण ती आठवड्याभरात संपते, पैसे हातात येतात आणि शेजारचा पीजीवाला पण विचारायला येतो. मोठं काम लांबत जातं, रोज नवीन बदल निघतात आणि उरलेलं पेमेंट अडकतं. नवीन माणसाला हे झेपत नाही.

मग स्टोअर कधी? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी हाताने सांभाळणं अवघड झालं की क्लायंट स्वतःच मागेल. तेव्हा त्याला गरज पटलेली असते, दरही नीट मिळतो.

पुढच्या मीटिंगमध्ये डिझाइन दाखवण्याआधी एकच प्रश्न विचारा: "भाव आणि स्टॉक रोज कोण बदलणार?" उत्तरात एका माणसाचं नाव आलं तर दुकानाचा विचार करा. "बघू नंतर" आलं, तर माहितीचीच साइट द्या. त्यात तुमचंही भलं, त्याचंही.